वॅटचा आकडा नको, झटका सोसणारा एसएमपीएस हवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अकोल्यात राहता. प्रोसेसर (सीपीयू) कोअर आय७-१४७००के आणि ग्राफिक कार्ड आरटीएक्स ४०७० टीआय सुपर, दोन्ही ओव्हरक्लॉक केलेले, म्हणजे ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगानं चालवलेले. एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, ७५० वॅटचा, लोकल. गेम रंगात आला की मशीन अचानक बंद पडतं. दुकानदार म्हणतो १००० वॅटचा घ्या, मित्र म्हणतो चांगल्या कंपनीचा ६५० पुरेल. कुणाचं ऐकायचं?

दोघांच्या म्हणण्यात थोडं थोडं तथ्य आहे, पण खरेदीच्या आधी मशीन नेमकं कसं बंद पडतं ते बघा. कुणी पिन उपटावी तसं क्षणात सगळं काळं झालं, निळा पडदा नाही, एरर नाही, आणि मागचं बटण बंद-चालू केल्याशिवाय परत सुरूही होत नाही, तर एसएमपीएसनं स्वतःला वाचवलेलं असतं. आधी गेम अडकतो, मग डेस्कटॉपवर फेकला जातो किंवा निळा पडदा येतो, तर दोष बहुतेक वेळा ओव्हरक्लॉकमध्ये किंवा रॅमच्या सेटिंगमध्ये असतो. ही खात्री न करता एसएमपीएस बदलून, तरीही तोच त्रास घेऊन आलेली माणसं मी दरवर्षी बघतो.

तुमच्या चिपबद्दल तर हे जास्तच महत्त्वाचं आहे. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या डेस्कटॉप चिपमध्ये गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज गेल्यानं अस्थिरता येते, हे कंपनीनं जुलै २०२४मध्ये मान्य केलं. ऑगस्टमध्ये त्यावरचा ०एक्स१२९ हा मायक्रोकोड (चिपच्या आतला सुधारित प्रोग्राम) बायोसच्या, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सॉफ्टवेअरच्या, अपडेटमधून आला आणि या चिपची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली गेली. तुमचा बायोस त्याआधीचा असेल तर आजच अपडेट करा. ही चिप आधीच व्होल्टेजनं पोळलेली असू शकते, तिला हातानं आणखी व्होल्टेज देऊ नका.

एक सोपी परीक्षा सांगतो. ग्राफिक कार्डाची पॉवर लिमिट (कार्ड जास्तीत जास्त किती वीज घेईल ती मर्यादा) ७० टक्क्यांवर आणा आणि तोच गेम तासभर खेळा. बंद पडणं थांबलं तर संशय एसएमपीएसवर पक्का होतो.

आता कॅबिनेटचं झाकण काढा आणि एसएमपीएसच्या अंगावरचं लेबल वाचा. खोक्यावरचा मोठा आकडा सोडा, लेबलवरच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्याखाली किती अँपिअर लिहिलेत ते बघा. आजच्या मशीनमध्ये सीपीयू आणि ग्राफिक कार्ड जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टच्या लाइनवरून घेतात. खऱ्या ८५० वॅटच्या एसएमपीएसवर तिथे ७० अँपिअरच्या आसपास लिहिलेलं असतं, म्हणजे १२ गुणिले ७०, ८४० वॅट. माझ्याकडे मागे एक मशीन आलं होतं, खोक्यावर ठसठशीत ७५०, आणि तक्त्यात १२ व्होल्टवर जेमतेम ३० अँपिअर. गुणाकार करा, ३६० वॅट होतात. उरलेले वॅट ५ आणि ३.३ व्होल्टच्या नावावर दाखवले होते, जिथे आज त्यांचा काही उपयोग नाही. त्या मुलानं ग्राफिक कार्डाला साठ हजार मोजले होते आणि एसएमपीएसला अठराशे. त्याचा एसएमपीएस गेला तेव्हा एकटा गेला नाही, मदरबोर्ड आणि हार्ड डिस्क सोबत घेऊन गेला. हार्ड डिस्कवर त्याच्या आजीचे शेवटचे फोटो होते. ते परत मिळाले नाहीत. म्हणून या विषयावर मी पाल्हाळ लावतो, तेवढं सहन करा.

तुमच्या मशीनचं गणित मांडू. सीपीयूची वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते आणि वेगाच्या पटीत वाढते, हे ओव्हरक्लॉक करणाऱ्यानं मनात कोरून ठेवावं. समजा तुम्ही ५.३ गिगाहर्ट्झवरून ५.५वर गेलात आणि त्यासाठी १.२० व्होल्टचे १.३० केले. वेग वाढला चार टक्क्यांहून कमी. वीज वाढली सुमारे २२ टक्के. इंटेलनं या चिपला टर्बोत २५३ वॅटची मर्यादा दिली आहे, ती या हिशोबानं ३०८वर जाते. ग्राफिक कार्ड मुळात २८५ वॅटचं, पॉवर लिमिट दहा टक्के वर सरकवली की ३१३. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे, कूलरचा पंप मिळून ७५ धरा. सगळे एकाच वेळी जिवाच्या आकांतानं धावले तर बेरीज ७०० वॅटच्या घरात जाते. प्रत्यक्ष गेममध्ये सीपीयू इतका ताणला जात नाही, १५०-१८० वॅटवर राहतो, तेव्हा ५४०-५७० वॅट होतात.

म्हणजे ६५० वॅटचा चांगला एसएमपीएस गेमपुरता चालेल, पण रेंडरिंग करताना किंवा स्ट्रेस टेस्ट (मशीनला मुद्दाम पूर्ण ताण देणारी चाचणी) लावली की त्याच्या क्षमतेबाहेर जाईल. ओव्हरक्लॉक न केलेल्या मशीनला मी तो नाकारला नसता. एनव्हिडिया स्वतः या कार्डासाठी ७०० वॅटची शिफारस करते, आणि ती मूळ वेगाच्या मशीनसाठी आहे. तुम्हाला ८५०. हजारचा घेतलात तर नुकसान काही नाही. हजार वॅटचा एसएमपीएस सतत हजार वॅट ओढतो आणि बिल वाढवतो हा गैरसमज आहे, मशीनला लागेल तेवढीच वीज तो घेतो. पण साधारण दर्जाचा १००० घेण्यापेक्षा त्याच पैशात उत्तम ८५० घ्या. उद्या ५७५ वॅटचं आरटीएक्स ५०९० घ्यायचा विचार असेल, तेव्हाच हजारच्या पुढे जा.

इथपर्यंतची बेरीज सरासरीची होती. एसएमपीएस सरासरीनं पडत नाही, झटक्यानं पडतो. ग्राफिक कार्डाची वीज एका पातळीवर स्थिर नसते. दृश्यात स्फोट झाला, फ्रेम बदलली, की कार्ड मिलिसेकंदाच्या काही भागापुरती आपल्या रेटिंगच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त वीज ओढतं. मीटरवर हे दिसत नाही, वॉल सॉकेटच्या वॅटमीटरवर तर मुळीच नाही, पण एसएमपीएसच्या संरक्षणाला दिसतं. २०२०मध्ये आरटीएक्स ३०८० आणि ३०९० आले तेव्हा नावाजलेले एसएमपीएससुद्धा या झटक्यांनी ट्रिप होऊ लागले, आणि लोक बिचारे कार्ड परत करत सुटले.

यावर उपाय म्हणून इंटेलनं २०२२मध्ये एटीएक्स ३.० हे मानक आणलं. त्यानुसार मोठ्या एसएमपीएसनं आपल्या रेटिंगच्या दुप्पट झटका १०० मायक्रोसेकंद सोसायला हवा. ८५०चा एसएमपीएस तेवढ्या क्षणापुरता १७०० वॅट देतो आणि व्होल्टेज मर्यादेत ठेवतो. २०२३मध्ये ३.१ आलं. तुमच्यासारख्या मशीनला एटीएक्स ३.० किंवा ३.१ लिहिलेला एसएमपीएसच घ्यायचा, यात मी तडजोड सुचवणार नाही. जुन्या मानकाचा उत्तम ८५० मित्राकडून स्वस्तात मिळत असेल तरी नाही. सेकंडहँड बाजारात तर अशांची रेलचेल आहे. सप्टेंबर २०२२मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं ग्राफिक कार्डांवर चालणारं मायनिंग थांबलं आणि दोन-दोन वर्षं रात्रंदिवस पूर्ण भारावर चाललेले एसएमपीएस पुसून-बिसून विकायला आले. बाहेरून ते नवेच दिसतात.

झटक्याइतकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट तुमच्या गावाची. मे महिन्यात अकोल्यात पारा ४५च्या पुढे जातो. खोलीत ३८-४० अंश, कॅबिनेटमध्ये आणखी. एसएमपीएसचं वॅट रेटिंग कोणत्या तापमानाला दिलंय हे पुण्या-मुंबईचा माणूस विचारत नाही, विदर्भातल्या माणसानं विचारलंच पाहिजे. चांगल्या कंपन्या स्पष्ट लिहितात की ५० अंशांपर्यंत पूर्ण क्षमता मिळेल. काही ४० लिहितात. जे काहीच लिहीत नाहीत त्यांचं रेटिंग थंड खोलीतलं आहे असं धरून चाला. आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर हाच एसएमपीएसचा वयानं खंगणारा भाग. त्यांचा ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं. म्हणून १०५ अंशांचे, आणि शक्यतो निप्पॉन केमी-कॉन, रुबिकॉन, निचिकॉन अशा जपानी कंपन्यांचे कपॅसिटर असलेला मॉडेल बघा. एसएमपीएस कॅबिनेटच्या तळाला बसत असेल तर पंखा खाली, जाळीकडे. खालून ताजी हवा घेऊन मागून बाहेर टाकू दे. कॅबिनेट गालिच्यावर ठेवू नका, आणि जाळीवरची धूळ महिन्याला झटकून काढा. कमी भाराला पंखा थांबवण्याचं बटण काही मॉडेलना असतं, ते उन्हाळ्यात बंद ठेवा.

आता ८० प्लस, म्हणजे एसएमपीएसच्या कार्यक्षमतेचं प्रमाणपत्र. दुकानात सगळ्यात जास्त बोललं जातं ते ब्राँझ-गोल्ड-प्लॅटिनमबद्दल, आणि माझ्या मते सगळ्यात कमी बोलावं ते त्याच्याचबद्दल. ते प्रमाणपत्र फक्त विजेची किती नासाडी होते एवढं सांगतं. व्होल्टेज किती स्थिर, झटका सोसतो का, संरक्षण वेळेवर चालतं का, यातलं काही सांगत नाही, आणि चाचणी साधारण २३ अंशांच्या खोलीत होते. फायदा पैशात मोजा. मशीन ४०० वॅट घेतंय, ब्राँझ ८५ टक्के आणि गोल्ड ९० टक्के कार्यक्षम धरला, तर भिंतीतून ४७० आणि ४४४ वॅट जातात. फरक २६ वॅट. रोज पाच तास खेळलात तर वर्षाला ४७-४८ युनिट, युनिट दहा रुपये धरलं तर पावणेपाचशे रुपये. तरीही गोल्ड घ्या म्हणतो, कारण त्या वर्गात आतली रचनाही सहसा आधुनिक असते. १२ व्होल्टपासून ५ आणि ३.३ वेगळे तयार होतात, त्यामुळे १२वर एकदम भार आला तरी बाकीच्या लाइनी हलत नाहीत. स्वस्त जुन्या रचनेत हे सगळे एकत्र बांधलेले असतात. ग्राफिक कार्डानं ओढलं की १२ व्होल्ट खाली आणि ५ व्होल्ट वर, असा झोका सुरू होतो.

संरक्षणाबद्दल मात्र सविस्तर सांगायलाच हवं. भार मर्यादेबाहेर गेला, शॉर्ट झाला, आतलं तापमान वाढलं, व्होल्टेज चढलं किंवा उतरलं, तर एसएमपीएसनं स्वतःहून बंद व्हायला हवं. खोक्यावर या संरक्षणांची ओसीपी, ओपीपी, ओव्हीपी, एससीपी, ओटीपी अशी अक्षरं सगळेच छापतात. प्रश्न असतो ते कोणत्या आकड्याला चालतं याचा. गिगाबाइटचे पी७५०जीएम आणि पी८५०जीएम हे गोल्ड प्रमाणपत्राचे मॉडेल आठवा. अमेरिकेत ग्राफिक कार्डांचा दुष्काळ होता तेव्हा न्यूएग ही ऑनलाइन विक्री कंपनी ते कार्डांच्या जोडीनं विकत होती. चाचणीत ते ओव्हरलोडच्या भाराखाली आवाज करून फुटू लागले. ऑगस्ट २०२१मध्ये कंपनीनं सांगितलं की ओव्हरलोड संरक्षण १२० ते १५० टक्क्यांवर लावलं होतं, ते ११० ते १२०वर आणलं आहे, आणि ठरावीक सीरियल नंबरचे एसएमपीएस बदलून द्यायची तयारी दाखवली. गोल्ड होता, मोठ्या कंपनीचा होता, तरी फुटला. म्हणून कंपनीचं नाव बघून थांबू नका. नेमका मॉडेल नंबर आणि नेमकं वॅट घेऊन स्वतंत्र चाचणी शोधा, जिथे ऑसिलोस्कोप लावून रिपल (व्होल्टेजमधली बारीक थरथर) मोजलाय आणि प्रत्येक संरक्षण मुद्दाम चालवून बघितलंय. १२ व्होल्टवर रिपल १२० मिलिव्होल्टच्या आत असावा असं मानक म्हणतं. मला ओव्हरक्लॉकसाठी ५०च्या आत असला की समाधान वाटतं. एसएमपीएस तपासणाऱ्या सायबेनेटिक्स या संस्थेची प्रमाणपत्रंही बघा, ती ८० प्लसपेक्षा जास्त बोलकी आहेत.

नावंच हवी असतील तर कॉर्सेअर आरएम८५०एक्स, सीसॉनिक फोकस जीएक्स-८५० किंवा एमएसआयचा ए८५०जीएल यांतला जो एटीएक्स ३.० किंवा ३.१ आवृत्तीत, पक्क्या बिलासह मिळेल तो. वॉरंटी सात ते दहा वर्षांची हवी. बिल तुमच्या नावावर, त्यावर सीरियल नंबर.

केबलचं थोडक्यात. तुमच्या कार्डाला १६ पिनचा कनेक्टर आहे. ऑक्टोबर २०२२मध्ये आरटीएक्स ४०९०वर हेच कनेक्टर वितळले होते, आणि पूर्ण आत न बसवणं हे त्यामागचं एक कारण निघालं. ६०० वॅटला त्याच्या प्रत्येक पिनेतून ८ अँपिअरहून जास्त जातात, तुमच्या कार्डाला त्याच्या निम्मे. तरी एसएमपीएससोबत आलेली थेट केबल वापरा, कट आवाज येईपर्यंत दाबा, आणि कनेक्टरपासून साडेतीन सेंटिमीटरपर्यंत वाकवू नका. मदरबोर्डवर सीपीयूचे दोन ८ पिनचे सॉकेट असतील तर दोन्ही भरा. आणि जुन्या एसएमपीएसच्या केबल नव्याला कधीही लावू नका, एकाच कंपनीचे असले तरी. एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांचा क्रम ठरलेला नसतो. जुनी साटा (डिस्कला वीज देणारी) केबल नव्या एसएमपीएसला लावून दोन एसएसडी जाळलेला ग्राहक मी पाहिलाय, आणि त्यानं सगळं नीटनेटकं बसवलं होतं.

आता घराकडे या. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात का? येत असतील तर अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या आत इनपुटला दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलपासून अर्थला जोडलेले असतात. अर्थ तुटला की पत्र्यावर निम्मा दाब, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास येतो. करंट अगदी थोडा, पण तो यूएसबी आणि एचडीएमआयच्या वाटेनं इतर उपकरणांत शिरतो. जुन्या वाड्यात, भाड्याच्या खोलीत हे सर्रास दिसतं. इलेक्ट्रिशियनकडून खरं अर्थिंग करून घ्या. कुणी सॉकेटमध्येच न्यूट्रलचा तुकडा अर्थच्या पिनेला जोडून देत असेल तर त्याला हात लावू देऊ नका. बाहेर न्यूट्रल तुटला तर तुमचं कॅबिनेट थेट फेजवर येईल.

लाइट जाते म्हणून यूपीएस लागणारच. घरोघरी दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस सुमारे ३६० वॅट देतो, तुमचं मशीन गेममध्ये भिंतीतून ६२० वॅट ओढेल. लाइट गेल्या क्षणी तो किंचाळून बंद होणार आणि तुम्ही दोष एसएमपीएसला देणार. १५०० व्हीए, निदान ८०० वॅट आणि शक्यतो शुद्ध साइन वेव्हचा घ्या. पायऱ्यापायऱ्यांची वेव्ह देणाऱ्या यूपीएसवर चांगले एसएमपीएस कधी गुणगुणतात, कधी बंद पडतात. यूपीएसला बॅटरीवर जायला दहा मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागतो. मानक पाळणारा एसएमपीएस तेवढा वेळ पोटातल्या कपॅसिटरवर काढतो, लोकल काढत नाही.

नवा आला की हिरवी-काळी वायर जोडून पंखा फिरवून बघू नका. त्यातून तो चालू होतो एवढंच कळतं. मशीनला लावा, ओसीसीटी या चाचणी सॉफ्टवेअरची पॉवर टेस्ट पंधरा मिनिटं चालवा आणि जाड कनेक्टरच्या पिवळ्या-काळ्या वायरवर (सगळ्या वायरी काळ्या असतील तर पिनांचा नकाशा बघून) मल्टिमीटरनं मोजा. ११.४च्या खाली किंवा १२.६च्या वर गेलं तर परत करा. सॉफ्टवेअरमधल्या १२ व्होल्टच्या आकड्यावर विसंबू नका. जुना बंद पडला तर उघडूनही बघू नका, पिन काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ४०० व्होल्टच्या जवळपास दाब शिल्लक राहू शकतो.

नवा येईपर्यंत सीपीयू आणि कार्ड दोन्ही मूळ वेगावर आणा, कार्डाची पॉवर लिमिट ७०वर ठेवा, आणि महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत आज रात्रीच वेगळ्या डिस्कवर काढून तिची केबल काढून ठेवा. त्या लेबलवरचा १२ व्होल्टचा आकडा मला कळवा. तो ३५ अँपिअरच्या खाली निघाला तर मशीन गेमसाठी सुरूच करू नका.